झेड८० बोर्ड कधी सुरू होतो, कधी होत नाही: दोष शोधायचा कसा

झेड८० या आठ बिटांच्या प्रोसेसरवर घरी बांधलेल्या बोर्डाला वीज दिली की बहुतेक वेळा मॉनिटरचा, म्हणजे रॉममधल्या छोट्या नियंत्रण प्रोग्रामचा, प्रॉम्प्ट येतो, पण मधूनच टर्मिनल कोरं राहतं. किंवा बोर्ड नीट सुरू होतो, काही मिनिटं चालतो आणि कचरा अक्षरं टाकून गप्प होतो. सोल्डर तपासून झालं, दोन चिपा बदलून झाल्या, आठवडाभर बरा चालला आणि पुन्हा तेच. घरी बांधलेल्या झेड८० बोर्डांची ही सगळ्यांत चिवट तक्रार आहे. चिपा बदलत बसणं हा तिच्यावरचा सगळ्यांत निरुपयोगी उपाय. चिप बदलली की वेळेचं गणित जरासं हलतं, सॉकेटचे संपर्क घासले जातात, बोर्ड थंड होतो. त्यामुळे दोष गेल्यासारखा वाटतो, पण तो जागेवरच असतो.

‘कधी कधी’ होणाऱ्या दोषामागे जवळजवळ नेहमी एखादी अट असते. बोर्ड किती वेळ बंद होता, व्होल्टेज किती होतं, चिपा किती तापल्या होत्या, सिरियल केबल जोडलेली होती का. ती अट आधी सापडली पाहिजे.

पुढचं सगळं या रचनेला धरून आहे: चाळीस पायांचा डीआयपी झेड८०, खालच्या अर्ध्या भागात ३२ के रॉम, वरच्या अर्ध्यात ३२ के रॅम, सिरियलसाठी ६८बी५० ही चिप, डिकोडिंगला, म्हणजे पत्त्यावरून योग्य चिप निवडायला, ७४ मालिकेच्या चिपा आणि ४ किंवा ७.३७२८ मेगाहर्ट्झचं क्लॉक.

अट शोधण्याच्या चाचण्या

बोर्ड अडकला की आधी रीसेटचं बटण दाबा. बटणाने दर वेळी सुरू होत असेल तर प्रोसेसर, रॉम आणि डिकोडर बहुतेक ठीक आहेत. दोष वीज आल्यावर होणाऱ्या पहिल्या रीसेटमध्ये आहे. बटणानेही सुरू होत नसेल तर पुढे चला.

बंद करून दोन सेकंदांत चालू करा, मग अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. दोन्हींत फरक पडला तर रीसेटचा कपॅसिटर किंवा सिरियल केबलमधून शिरणारी वीज यांच्याकडे संशय जातो. हीच चाचणी केबल पूर्ण काढून पुन्हा करा.

क्लॉक निम्मं करा. ७.३७२८ च्या जागी ३.६८६४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर बसवला की टर्मिनलचा वेगही ११५२०० वरून ५७६०० करावा लागतो. हे विसरलं की बोर्ड चालत असूनही मेल्यासारखा दिसतो. निम्म्या वेगावर तक्रार गेली तर मेमरीच्या वेळेचं गणित चुकलंय. गेली नाही तर वेळेचा नाद सोडा. पातळी, मोकळ्या पिना आणि रीसेट बघा.

बदलता पुरवठा असेल तर ४.७५ आणि ५.२५ व्होल्टवर चालवून बघा. मोजमाप पुरवठ्याच्या टोकाशी नको, प्रोसेसरच्या ११ आणि २९ क्रमांकाच्या पायांवर घ्या. बारीक तारांची यूएसबी केबल, रीसेटेबल फ्यूज आणि ब्रेडबोर्डचे संपर्क मिळून अर्धा व्होल्ट सहज खातात. चिप तापली की मंदावते आणि व्होल्टेज उतरलं तरीही मंदावते. म्हणून हेअर ड्रायरने बिघडणारा आणि ५.२५ व्होल्टवर सुधारणारा बोर्ड वेळेच्या दोषाचा असतो. बोर्ड किंचित वाकवल्याने फरक पडत असेल तर सोल्डर किंवा सॉकेट.

रीसेट

झेड८० ची रीसेट पिन, २६ क्रमांकाची, किमान तीन पूर्ण क्लॉक सायकल लो राहावी लागते. क्लॉक स्थिर झाल्यावरच्या तीन सायकल, हे महत्त्वाचं. क्रिस्टल ऑसिलेटरला सुरू व्हायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात रीसेट उठला तर प्रोसेसर कुठूनही धावत सुटतो.

नेहमीचं परिपथ म्हणजे १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड. वेळ पुरेसा मिळतो, पण दोन उणिवा राहतात. एक, व्होल्टेज अगदी सावकाश चढतं आणि साध्या गेटला मधल्या पट्ट्यात घोटाळा होतो: आउटपुट अनेकदा वरखाली होतं. ७४एचसी१४ या श्मिट-ट्रिगर चिपेचे दोन गेट एकापाठोपाठ घातले की कड स्वच्छ मिळते. दोन, वीज लवकर परत आली तर कपॅसिटर रिकामाच झालेला नसतो आणि रीसेटची पल्स येतच नाही. रेझिस्टरच्या समांतर १एन४१४८ डायोड लावा, पट्ट्याचं टोक ५ व्होल्टकडे. पुरवठा पडला की कपॅसिटर त्यातून झटकन रिकामा होतो.

याहून बरं म्हणजे हे सगळं काढून डीएस१८१३ सारखी तीन पायांची रीसेट चिप लावणं. पुरवठा ठरलेल्या पातळीच्या वर गेल्यावर ती साधारण १५० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते, वीज मध्येच खाली आली तरी पुन्हा रीसेट देते आणि बटण थेट तिच्यावर चालतं. नव्या बोर्डात आरसी परिपथ घालायला आता काही कारण उरलेलं नाही.

६८बी५० ला रीसेटची पिनच नसते. तो सॉफ्टवेअरने रीसेट करावा लागतो: कंट्रोल रजिस्टरमध्ये आधी ०३ आणि मगच खरी सेटिंग. बटण दाबल्यावर बोर्ड उठतो पण सिरियल बिनसते, असं होत असेल तर रॉममधला हा पहिला ०३ राहून गेलाय का बघा.

मोकळ्या पिना आणि खोट्या पातळ्या

वेट २४, बसरिक्वेस्ट २५, आयएनटी १६ आणि एनएमआय १७ या चारही पिना लो झाल्यावर काम करतात. वापरात नसतील तर प्रत्येकीला ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, हवाच. मोकळी पिन कोरड्या हवेत, हात जवळ नेल्यावर किंवा शेजारच्या ट्रॅकच्या गडबडीने लो होते. ‘बोट लावलं की चालतो’ या लक्षणाचं उत्तर बहुतेक इथेच असतं. ७४एचसी आणि एचसीटी चिपांचे न वापरलेले गेट विसरू नका. त्यांचे इनपुट जमिनीला किंवा ५ व्होल्टला बांधा.

पातळीचा दोष जास्त फसवा. एनमॉस (जुन्या घडणीच्या) झेड८० ची हाय पातळी २.४ व्होल्टपर्यंतच हमखास असते, एलएस (७४ मालिकेतल्या जुन्या) चिपांची २.७ पर्यंत. ७४एचसी ला मात्र ५ व्होल्टवर हाय ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात बाहेर येणारी पातळी त्याच्या आसपासच असते, म्हणून टेबलावर बोर्ड चालतो आणि तापल्यावर किंवा दुसरी चिप लावल्यावर बिघडतो. जुन्या आणि नव्या चिपा मिसळायच्या असतील तर मध्ये एचसीटी घ्या, त्याला २ व्होल्ट पुरतात.

क्लॉकच्या पिनेचं उलटं आहे. इथे झेड८० स्वतःच हट्टी: सहा क्रमांकाच्या पिनेवर हाय पातळी पुरवठ्यापेक्षा फार तर ०.६ व्होल्ट कमी चालते, म्हणजे ४.४ व्होल्टच्या वर हवी. एलएस गेट तिथवर पोचत नाही. ३३० ओहमचा पुल-अप लावा किंवा ७४एचसीटी०४ मधून क्लॉक द्या. ट्रॅक लांब असेल तर कडेवर लहर येते आणि एकाच कडेचे दोन ठोके मोजले जातात. ऑसिलेटरच्या पायाशी ३३ ओहम मालिकेत घातले की ती दबते. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावताच बोर्ड सुधारत किंवा बिघडत असेल तर हा कोपरा तपासा, कारण प्रोबची दहा-बारा पिकोफॅरड तिथे भर घालत असतात. स्कोपची जमिनीची तार लांब असली तर नसलेली लहरही दिसते, तेव्हा छोटी स्प्रिंग वापरा.

प्रत्येक चिपेला तिच्या पुरवठ्याच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि वीज येते तिथे ४७ मायक्रोफॅरड. यावर वाद नको.

मेमरी चाचणी उत्तीर्ण, प्रोग्राम मात्र कोसळतो

वेळेच्या दोषाचं हे ठळक लक्षण. कारण झेड८० च्या चक्रातच आहे. सूचना उचलताना, म्हणजे एम१ चक्रात, प्रोसेसर डेटा तिसऱ्या टी-स्टेटच्या (टी-स्टेट म्हणजे क्लॉकची एक सायकल) चढत्या कडेला वाचतो. साध्या वाचनात तो त्याच टी-स्टेटच्या उतरत्या कडेला वाचतो, अर्धी सायकल उशिरा. मेमरी चाचणी साध्या वाचनाने होते, तिला अर्ध्या सायकलची सूट मिळते. तीच रॅम सूचना पुरवायला लागली की कमी पडते. म्हणून रॅमची खरी चाचणी म्हणजे चाचणीचा प्रोग्रामच रॅममध्ये नकलून तिथून चालवणं.

४ मेगाहर्ट्झचा हिशेब करून बघू. एक सायकल २५० नॅनोसेकंद. एमआरईक्यू, म्हणजे मेमरी हवी असल्याची प्रोसेसरची खूण, पहिल्या टी-स्टेटच्या मध्यावर, उतरत्या कडेनंतर ८५ नॅनोसेकंदांपर्यंत, लो होतो. तिथून वाचनाच्या कडेपर्यंत दीड सायकल, म्हणजे ३७५. त्यातून हे ८५ आणि डेटा आधी स्थिर असण्याचे ३५ वजा केले की २५५ उरतात. रॉमची सीई (चिप निवडणारी) पिन एमआरईक्यूमधून काढली असेल तर डिकोडरचे वीस-तीस आणखी जातात. २५० नॅनोसेकंदांची ईप्रॉम कागदावर बसतच नाही. प्रत्यक्षात चालते, कारण छापील आकडे सगळ्यांत वाईट परिस्थितीचे असतात. ती परिस्थिती बंद पेटीत आली की बोर्ड कोसळतो. ७.३७२८ मेगाहर्ट्झला दीड सायकल जेमतेम २०३ नॅनोसेकंदांची, तेव्हा १५० ची चिपही या जोडणीत अडते.

उपाय तीन. ७० नॅनोसेकंदांची फ्लॅश चिप लावणं सगळ्यांत सोपं. दुसरा, फक्त एम१ मध्ये एक वेट-स्टेट, म्हणजे थांबण्याची एक जादा सायकल, घालणं, ७४एचसीटी७४ च्या दोन फ्लिपफ्लॉपनी ते होतं. एमएसएक्स संगणकांत प्रत्येक एम१ ला असाच एक वेट घातलेला असे. तिसरा, सीई थेट अ‍ॅड्रेस लाइनवरून काढणं. अ‍ॅड्रेस एमआरईक्यूच्या आधी येतो, म्हणून चिपेला जास्त वेळ मिळतो.

या तिसऱ्या उपायात मात्र एक सापळा आहे. सीईमधून एमआरईक्यू वगळला की तो ओई (वाचन) आणि डब्ल्यूई (लेखन) या दोन्ही पिनांत घालावाच लागतो. तो राहिला तर रॅमची डब्ल्यूई प्रोसेसरच्या नुसत्या डब्ल्यूआर या लेखनाच्या खुणेवर चालते आणि पोर्टवर बाइट पाठवणारी प्रत्येक आउट सूचना रॅममध्येही लिहिते. पोर्टचा पत्ता थेट सूचनेत दिला असेल तर ए८ ते ए१५ वर ए रजिस्टरचं मूल्य असतं. म्हणजे ८० हेक्स किंवा त्यावरचा बाइट सिरियलवर पाठवला की ए१५ हाय होतो आणि रॅममधली एक जागा पुसली जाते. साधा इंग्रजी मजकूर पाठवला तर काहीच होत नाही. महिनोन्महिने बरा चाललेला बोर्ड बायनरी फाइल पाठवताना कोसळतो तो असा. वाचनात हीच चूक झाली तर इन सूचनेच्या वेळी रॉम आणि सिरियल चिप दोन्ही एकदम बसवर बोलतात.

इंटरप्ट वापरत असाल तर आय-ओ (इनपुट-आउटपुट) डिकोडरमध्ये एम१ हाय असण्याची अट घाला. इंटरप्टची पोच देताना झेड८० आयओआरक्यू (आय-ओ चिप हवी असल्याची खूण) आणि एम१ दोन्ही लो करतो. एम१ न बघणारा डिकोडर त्या क्षणी एखादी आय-ओ चिप निवडून बसतो.

पूर्ण मेलेल्या बोर्डासाठी: नॉप चाचणी

रॉम, रॅम आणि सिरियल चिप सॉकेटातून काढा. डी० ते डी७, म्हणजे क्रमाने १४, १५, १२, ८, ७, ९, १० आणि १३ या पिना, प्रत्येकी १ किलोओहमने जमिनीला जोडा. थेट तारेने नको. प्रोसेसरला आता प्रत्येक ठिकाणी ०० म्हणजे नॉप, काहीच न करणारी सूचना, दिसतो आणि तो सगळा पत्ता-अवकाश मोजत जातो. नॉपला चार टी-स्टेट लागतात, म्हणून ४ मेगाहर्ट्झला ए० वर ५०० किलोहर्ट्झ दिसायला हवेत आणि प्रत्येक पुढच्या लाइनवर निम्मे. ए१५, पाचव्या पिनेवर, सेकंदाला साधारण पंधरा वेळा लुकलुकतो.

इथे एक गोष्ट हमखास गोंधळवते. ए७ ते ए१५ स्कोपवर स्वच्छ चौकोनी दिसत नाहीत. हाय असतानाही दर सायकलीत मध्ये शून्यावर उतरतात. तो दोष नाही. प्रत्येक एम१ च्या दुसऱ्या अर्ध्यात झेड८० रिफ्रेशचा (डायनॅमिक रॅम ताजी ठेवण्यासाठीचा) पत्ता बाहेर टाकतो. आय आणि आर रजिस्टर रीसेटनंतर शून्य असतात, आणि मोजणी आरच्या खालच्या सात बिटांतच होते. ती मोजणी प्रोग्राम काउंटरच्या बरोबरीनेच चालते म्हणून ए० ते ए६ नेहमीसारख्या दिसतात. दोन शेजारच्या लाइनवर एकसारखंच चित्र दिसलं तर सोल्डरचा पूल शोधा. सगळ्या लाइन स्थिर असतील तर क्लॉक, रीसेट, वेट आणि बसरिक्वेस्ट याच क्रमाने तपासा.

नॉप जमला की रॉम परत लावा आणि तिच्या सुरुवातीला हे सात बाइट लिहा: ३ई ५५ डी३ ०० सी३ ०० ००. ए मध्ये ५५, पोर्ट ० ला पाठवा, पुन्हा सुरुवातीला जा. रॅम लागत नाही. फेरीला २८ टी-स्टेट, म्हणून आयओआरक्यूवर, पिन २०, ४ मेगाहर्ट्झला दर ७ मायक्रोसेकंदांनी एक पल्स. अंतर अचूक असेल तर प्रोसेसर, रॉम आणि तिचं डिकोडिंग तिन्ही ठीक.

पल्स न येता डब्ल्यूआर अखंड हलत असेल आणि पत्ता ००३८ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर प्रोसेसरला डेटावर एफएफ मिळतंय. एफएफ म्हणजे ००३८ ला उडी मारणारी रीस्टार्ट सूचना. तिथेही एफएफच, म्हणून तो स्टॅकवर ००३९ ढकलत राहतो. रॉम कोरी आहे, निवडलीच जात नाही किंवा उलटसुलट जोडलीय. २७सी२५६ च्या पहिल्या पायावर व्हीपीपी (प्रोग्रामिंगचं व्होल्टेज) आणि २७ वर ए१४ असतो. २८सी२५६ मध्ये पहिल्यावर ए१४ आणि २७ वर डब्ल्यूई. एका चिपेसाठी आखलेल्या सॉकेटात दुसरी लावायची तर जंपर हवेत. २८सी२५६ ची डब्ल्यूई मोकळी राहिली तर वीज चढता-उतरताना रॉममध्येच कचरा लिहिला जातो, आणि ‘रॉम आपोआप बिघडते’ ही तक्रार जन्मते. ती ५ व्होल्टला बांधा आणि प्रोग्रामरमधून लेखन-संरक्षण चालू करा.

आठ चॅनेलचा २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर या कामाला पुरतो, पण त्याच्या दोन नमुन्यांत जवळजवळ ४२ नॅनोसेकंद असतात. क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणून मगच त्याच्या चित्रावर विश्वास ठेवा. सीमॉस (नव्या, कमी वीज खाणाऱ्या घडणीचा) झेड८० हवा तेवढा मंद करता येतो, एनमॉस नाही.

प्रोसेसरवरच संशय असेल तर

झायलॉगने सुट्या झेड८४सी०० चं उत्पादन थांबवत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. आता जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या आणि नवं छापील नाव चढवलेल्या चिपा भरपूर फिरतात. १० किंवा २० मेगाहर्ट्झ सीमॉस म्हणून विकलेली चिप आत ४ मेगाहर्ट्झची एनमॉस निघू शकते. ओळखायला ०ई ०० ईडी ७१ सी३ ०० ०० हे बाइट चालवा आणि आयओआरक्यू लो असताना डेटा बस बघा. ईडी ७१ ही अधिकृत यादीत नसलेली सूचना एनमॉसमध्ये ०० पाठवते, सीमॉसमध्ये एफएफ.

बंद असूनही अर्धा जिवंत

बोर्डाची वीज काढली तरी एलईडी मिणमिणत असेल तर यूएसबी-सिरियल अ‍ॅडाप्टरची टीएक्स लाइन बोर्डाला चोरून वीज देतेय. ती चिपेच्या इनपुटवरच्या संरक्षक डायोडमधून पुरवठ्याच्या ट्रॅकवर चढते आणि तिथे एक-दोन व्होल्ट उभे राहतात. रीसेटचा कपॅसिटर रिकामा होत नाही, ६८बी५० जुन्या अवस्थेत अडकतो आणि पुढची सुरुवात बिघडते. सीमॉस बोर्डांवर हे जास्त दिसतं, कारण त्यांना इतकी वीजही पुरते. त्या लाइनमध्ये मालिकेत १ किलोओहम घाला, ११५२०० वरही चालतं. एवढ्याने व्होल्टेज उतरत नसेल तर मध्ये असा बफर लावा ज्याचे इनपुट वीज नसताना करंट घेत नाहीत.

दुरुस्तीनंतर बोर्ड एकदा सुरू झाला एवढ्यावर थांबू नका. ज्या अटीत तो पडत होता तीच अट पुन्हा उभी करा: ४.७५ व्होल्ट, ड्रायरची गरम हवा, दोन सेकंदांची वीसेक चालू-बंद, आधी केबल लावून आणि मग काढून. त्यानंतर रॅममधून चालणारी मेमरी चाचणी पेटीचं झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी चुका निघाल्या तर त्या कुठल्या बिटांत आणि कुठल्या पत्त्यांवर आहेत ते लिहून घ्या. एकच बिट असेल तर त्या डेटा लाइनचं सोल्डर किंवा सॉकेट, ठरावीक अंतराने येणारे पत्ते असतील तर एखादी अ‍ॅड्रेस लाइन, आणि विखुरलेल्या असतील तर पुन्हा पुरवठा आणि वेळेचा हिशेब.